क्रेटवर दिवस लिहा, मग लिलाव करा



१ ऑगस्टला बंदी उठेल आणि ट्रॉलर पुन्हा बाहेर पडतील. सध्या जाळी दुरुस्त करणं, इंजिनची कामं, होडीला रंग, सगळीकडे हीच गडबड आहे. संस्थेच्या सभेत दरवर्षीसारखे डिझेल, बर्फाच्या लादीचा दर, दलाली आणि थकबाकी हे विषय येतीलच, आणि ते यायलाच हवेत. पण यंदा आम्हाला सभेपुढे आणखी एक विषय ठेवायचा आहे. त्याची चर्चा आधी इथे पानावर व्हावी म्हणून हे लिहितोय.

आमची मागणी एका वाक्यात सांगतो. ट्रॉलरवरच्या प्रत्येक क्रेटवर ती मासळी कितव्या दिवशी जाळ्यात आली त्याची खूण असावी, आणि जेटीवरचा लिलाव त्या खुणेप्रमाणे वेगवेगळा व्हावा. पहिल्या दिवसाची मासळी वेगळी, शेवटच्या जाळ्याची वेगळी. आज दोन्ही एकाच ढिगात, एकाच बोलीत जातात.

हे ऐकून काही बोटमालक म्हणाले, "बर्फात ठेवलेली मासळी ताजीच असते, मग दिवस कशाला मोजायचे?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर डोळ्यांना दिसत नाही, कारण ते माशावर राहणाऱ्या जिवाणूंकडे आहे. म्हणून आधी त्यांच्याबद्दल बोलू, मग पैशांबद्दल.

माशावर कोण राहतं?

जिवंत, निरोगी माशाच्या मांसात जिवाणू नसतात. ते असतात कातडीवरच्या बुळबुळीत थरात, कल्ल्यांत आणि आतड्यांत. कातडीच्या एका चौरस सेंटिमीटरवर शंभरापासून एक कोटीपर्यंत जिवाणू मोजले गेले आहेत. कल्ले आणि आतडी यांत एका ग्रॅमला हजारापासून शंभर कोटींपर्यंत. एवढा फरक का? पाणी कसं आहे, मासा काय खातो, कुठल्या मोसमात मिळाला, यावर ते ठरतं.

मासा जिवंत असतो तोवर त्याचं शरीर या मंडळींना बाहेरच थोपवून धरतं. मासा मेला की हा पहारा उठतो. मग कातडीवरून, कल्ल्यांतून आणि पोटातून ते हळूहळू मांसाकडे सरकतात. त्याच वेळी माशाच्या स्वतःच्या अंगातले पाचक रसही काम चालू ठेवतात. पोटभर खाल्लेल्या तारलीचं पोट काही तासांत फुटतं ते मुख्यतः या रसांमुळे. पण सडका वास आणि चिकट थर हे काम जिवाणूंचं.

आपला समुद्र गरम. इथल्या पाण्यात आणि इथल्या माशावर जे जिवाणू असतात, त्यातल्या बहुतेकांना ऊबच मानवते. थंडीत वाढू शकणारे त्यांच्यात थोडेच असतात. ही गोष्ट आपल्या फायद्याची आहे, कशी ते पुढे सांगतो.

बर्फात गेल्यावर बिऱ्हाड बदलतं

मासळीवर बर्फ पडला की जिवाणू मरतात असा समज आहे. तसं होत नाही. होतं ते असं: ऊब लागणारे जिवाणू गारठतात, त्यांची वाढ जवळपास थांबते. पण थंडी सोसणारे जे थोडे असतात, त्यांना मोकळं रान मिळतं. खायला भरपूर आणि भांडायला कुणी नाही. आधीचं बिऱ्हाड निपचित पडतं आणि नवं बिऱ्हाड घर ताब्यात घेतं. बर्फात आठवडा काढलेल्या माशावर पाहिलं तर पहिल्या दिवशी जे मूठभर होते तेच आता बहुसंख्य झालेले दिसतात.

या नव्या बिऱ्हाडातली दोन नावं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. एक स्यूडोमोनास आणि दुसरं शेवानेला. शेवानेला हे नाव जेम्स शेवान यांच्यावरून पडलं. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या टॉरी संशोधन केंद्रात त्यांनी मासळी कशी सडते यावर काम केलं. म्हणजे हा प्रश्न एकट्या आपल्या जेटीचा नाही. जिथे जिथे मासळी बर्फात जाते तिथे तो आहे.

समुद्राच्या माशाच्या अंगात एक द्रव्य असतं, ट्रायमिथाइल अमाइन ऑक्साइड. त्याला स्वतःला वास नाही. शेवानेलासारखे जिवाणू त्याचं ट्रायमिथाइल अमाइन करतात, आणि तोच तो 'मासळीचा वास' जो ताज्या माशाला नसतो. त्याच्या जोडीला ते गंधकाचा वायू सोडतात, सडक्या अंड्यासारखा. मोरीची गोष्ट आणखी वेगळी. तिच्या अंगात युरिया भरपूर असतो, जिवाणू त्याचा अमोनिया करतात, म्हणून शिळी मोरी नाकाला झोंबते.

आता महत्त्वाचा मुद्दा. एका ग्रॅमला असे सडवणारे जिवाणू साधारण एक कोटी ते दहा कोटी झाले की मग नाकाला कळतं. त्याआधी नाही. दहा लाखांवर असताना मासा नाकाला चांगलाच वाटतो. म्हणजे नाक शेवटी बोलतं. लिलावात क्रेटमध्ये हात घालून, कल्ला उचलून, वास घेऊन व्यापारी जे ठरवतो त्यात दुसऱ्या दिवसाचा मासा आणि पाचव्या दिवसाचा मासा यांत फार अंतर पडत नाही. वरून ताज्या बर्फाचा चुरा मारला असेल तर आणखीच नाही. पण दोन दिवसांनी गिऱ्हाइकाच्या फ्रिजमध्ये दोघांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

थोडं साधं गणित

बर्फात, शून्य अंशाच्या आसपास, हे थंडीचे जिवाणू साधारण दिवसाला दुप्पट होतात. ढोबळ हिशेब करू.

समजा स्वच्छ क्रेटमध्ये, लगेच बर्फ घातलेल्या मासळीवर असे जिवाणू एका ग्रॅमला एक हजार आहेत. रोज दुप्पट धरले तर दहाव्या दिवशी दहा लाख होतात आणि चौदाव्या दिवशी दीड कोटीच्या वर जातात. तिथे वास येतो.

आता तीच मासळी मागच्या खेपेच्या चिकट्याने माखलेल्या क्रेटमध्ये, जुन्या बर्फाच्या गदळ पाण्यात पडली, आणि सुरुवातच एका लाखाने झाली. सातव्या दिवशी ती सव्वा कोटीच्या पुढे जाते.

मासा तोच, समुद्र तोच, बर्फही तेवढाच. फक्त क्रेट धुतला नाही म्हणून सात दिवस गेले. प्रत्यक्षात आकडे इतके सुबक नसतात. जात, मोसम, पाणी यांप्रमाणे ते हलतात. पण हिशेबाची दिशा हीच राहते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, बर्फ घड्याळ थांबवत नाही, फक्त हळू करतो. दुसरी, घड्याळ मागे फिरवणारी कुठलीच वस्तू आपल्याकडे नाही. नवा बर्फ नाही, फ्रीझर नाही, धुणं नाही.

ऊन लागलेला एक तास

आता तापमानाचा हिशेब. गरम समुद्राच्या मासळीवर जे प्रयोग झालेत त्यांच्या सूत्राने पाहिलं, तर ५ अंशांना मासळी बर्फातल्यापेक्षा जवळपास दुप्पट वेगाने बिघडते. १० अंशांना तिप्पट ते साडेतीनपट. २५ अंशांना सुमारे २० पट.

म्हणजे २५ अंशांत डेकवर पडलेला एक तास बर्फातल्या २० तासांबरोबर. तीन तास म्हणजे बर्फातले अडीच दिवस. आणि आपल्या डेकवर ऑक्टोबरच्या दुपारी २५ अंश असतात का? तीस-पस्तीसच्या खाली पारा येत नाही. जाळं वर आलं, निवडायला वेळ लागला, तेवढ्यात दुसरं जाळं टाकायची घाई, आणि बांगड्याचा ढीग ताडपत्रीखाली तसाच राहिला. जेटीवर पोचायच्या आधीच त्या मासळीचे दोन-तीन दिवस संपले. ते कुणाच्या वहीत लिहिले गेले नाहीत, पण जिवाणूंनी मोजले.

मघाशी म्हटलेला आपला फायदा इथे येतो. आपल्या माशावर थंडी सोसणारे जिवाणू सुरुवातीला कमी असल्यामुळे आपल्या गरम समुद्राची पुष्कळ मासळी बर्फात थंड समुद्राच्या मासळीपेक्षा जास्त दिवस टिकू शकते. निसर्गाने दिलेली ही सूट आहे. पण तिला एक अट आहे, मासळी लगेच बर्फात जायला हवी. उन्हात दोन-तीन तास काढले की सूट तिथेच संपली.

बांगडा, तारली आणि वास नसलेला धोका

बांगडा, तारली, टूना आणि त्यांच्यासारख्या गडद मांसाच्या मासळीत हिस्टिडिन नावाचा घटक भरपूर असतो. मासळी ऊबेत राहिली की मॉर्गनेलासारखे काही जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. ते खाल्लं की काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं, कधी जुलाब होतात, धडधड होते. लोक म्हणतात, "बांगड्याची ॲलर्जी आली." पुष्कळदा ती ॲलर्जी नसते, बांगडा उन्हात राहिलेला असतो. असा त्रास झाला तर डॉक्टरकडे जा आणि कुठली मासळी खाल्ली ते सांगा.

हिस्टामिनला वास नाही. ते शिजवून जात नाही, तळून जात नाही, मीठ लावून जात नाही, फ्रीझरमध्येही जात नाही. बर्फात त्या जिवाणूंची वाढ जवळपास थांबते, पण त्यांनी आधी सोडलेला रस थंडीतही थोडंथोडं काम करत राहतो. म्हणून पहिले काही तास हीच एकमेव संधी.

युरोपात माल पाठवायचा तर एका खेपेतले नऊ नमुने तपासतात. त्यांची सरासरी किलोला १०० मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये, आणि एकही नमुना २०० च्या वर गेलेला चालत नाही. नापास झाली तर अख्खी खेप नापास. त्यात चांगल्या तांडेलाचा मालही गेला, कारण तो कुठल्या क्रेटमध्ये होता हे कुणाला सांगता येत नाही.

बर्फ किती?

"बर्फ महाग आहे" हे आम्हालाही ठाऊक आहे. पण किती लागतो याचा हिशेब एकदा करून ठेवू. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतो. शंभर किलो मासळी ३० अंशांवरून शून्यावर आणायला साधारण अडीच हजार किलोकॅलरी काढाव्या लागतात. म्हणजे नुसती थंड करायलाच ३० किलोच्या आसपास बर्फ गेला. त्यानंतर खणाच्या भिंतींतून, झाकण उघडताना, इंजिनच्या बाजूने जी उष्णता येत राहते तिला रोज बर्फ द्यावा लागतो. म्हणून आपल्या हवेत मासळीइतकाच बर्फ, किलोला किलो, हा जुना नियम आहे. तो उधळपट्टी नाही.

बाकी गोष्टी आपल्या तांडेलांना माहीत आहेत, तरी लिहून ठेवतो. लादीचे मोठे खडे टाकू नका, ते माशाला टोचतात आणि मध्ये हवा राहते. बारीक चुरा हवा. खाली थर, वर थर, मध्ये मध्ये थर. वितळणारा बर्फच काम करतो, त्यामुळे पाणी सुटणं चांगलं. पण ते पाणी बाहेर जायला हवं, वरच्या क्रेटचं घाण पाणी खालच्या क्रेटमध्ये ठिबकता कामा नये. लाकडी फळीत चिकटा मुरतो आणि धुऊनही राहतो. जेटीच्या कडेचं पाणी मासळीवर मारू नका, त्या पाण्यात काय काय सोडलेलं असतं ते आपण रोज बघतो. पर्ससीनवाल्यांना एकदम टनांनी बांगडा मिळतो, तेव्हा थर लावायला वेळ नसतो. त्यांनी टाकीत आधीच बर्फ-पाण्याचं मिश्रण तयार ठेवलं तर मासा सगळीकडून आणि सर्वांत लवकर गार होतो.

फ्रीझर म्हणजे इस्पितळ नव्हे

"उरलेला माल कोल्ड स्टोरेजला टाकू" असं म्हणून पुष्कळजण मोकळे होतात. उणे १८ अंशांत जिवाणू वाढत नाहीत, हे खरं. पण सगळे मरत नाहीत. मासळी वितळली की ते जिथे थांबले होते तिथून पुढे चालू करतात. सहाव्या दिवशी गोठवलेला मासा दोन महिन्यांनी बाहेर काढला तरी तो सहाव्या दिवसाचाच मासा असतो, वर बर्फाने फाटलेलं मांस घेऊन. बांगडा-तारलीसारख्या तेलकट मासळीचं तेल फ्रीझरमध्येही हळूहळू खवट होत राहतं, त्याला जिवाणू लागतही नाहीत. वितळवून पुन्हा गोठवला तर विचारूच नका.

म्हणून गोठवायची असेल तर चांगली मासळी, लवकर गोठवा. कुणी घेत नाही म्हणून गोठवणं हा तोटा पुढे ढकलण्याचा प्रकार आहे.

फटका कुणाला बसतो?

आता मूळ मुद्द्यावर येतो. समजा नीट बर्फ घातलेली एखादी मासळी बर्फात दहा दिवस चांगली राहते. सात दिवसांची खेप करून ट्रॉलर परतला. पहिल्या दिवसाच्या क्रेटचे तीन दिवस उरलेत, शेवटच्या दिवसाच्या क्रेटचे नऊ. दोन्हींवर ताजा चुरा आहे, दोन्ही सारखेच चकाकतात, दोन्ही एकाच बोलीत गेले.

पहाटे आपल्याच घरातली एक बाई त्यातली पाटी उचलते. बाजारात बसते. दुपारपर्यंत विकते, उरलेली बर्फात घालून दुसऱ्या दिवशी पुन्हा आणते. गिऱ्हाईक घेऊन जातं, घरच्या फ्रिजमध्ये ठेवतं. घरचा फ्रिज साधारण पाच अंशांचा, म्हणजे तिथे मासळी बर्फातल्यापेक्षा जवळपास दुप्पट वेगाने बिघडते. उरलेले तीन दिवस तिथे दीड दिवसात संपतात. मग गिऱ्हाईक परत येऊन ओरडतं ते कुणावर? ट्रॉलरवर नाही, दलालावर नाही. त्या बाईवर. "तुझी मासळी सडकी होती." आणि पुढच्या वेळी ते गिऱ्हाईक दुसऱ्या पाटीकडे जातं, नाहीतर कोंबडी घेऊन घरी जातं.

त्या बाईने पैसे पूर्ण मोजले होते. मासळीचे किती दिवस उरलेत हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. हे आम्हाला अन्यायाचं वाटतं, आणि या अन्यायाची दुरुस्ती आपल्या हातात आहे.

दुसरा फटका चांगल्या तांडेलाला. जो क्रेट धुतो, बर्फ पुरेसा नेतो, जाळं आल्या आल्या मासळी खणात घालतो, त्याचा खर्च जास्त. जो हे करत नाही त्याचा खर्च कमी. दोघांना दर एकच. मग हळूहळू सगळे दुसऱ्यासारखे वागू लागले तर त्यात नवल काय?

तिसरा फटका सगळ्यांना मिळून. जुलै २०१८ मध्ये गोव्यात फॉर्मेलिनचा वाद पेटला, सरकारने परराज्यांतून येणाऱ्या मासळीवर काही काळ बंदी घातली. संशय बाहेरून येणाऱ्या गाड्यांवर होता, पण लोकांनी काही दिवस मासळीच टाळली. आपल्या बोटीची की बाहेरची हे ताटातल्या माशावर लिहिलेलं नसतं. फॉर्मेलिन जिवाणूंना मारतं, म्हणून मासा दिवसेंदिवस तसाच दिसतो. ते कॅन्सरला कारण ठरणारं द्रव्य आहे, त्याची बाजू कुणी घेऊ नये. पण ते वापरायचा मोह कुठे होतो हे ओळखायला हवं. जिथे बर्फाची शिस्त मोडते तिथे औषधाचा मोह सुरू होतो. कोचीच्या मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने फॉर्मेलिन ओळखायची साधी पट्टी तयार केली आहे. तशी तपासणी असावीच. पण मासळीत काय नाही हे दाखवण्यापेक्षा मासळी कितव्या दिवसाची आहे हे सांगणं विश्वासाला जास्त उपयोगी पडेल असं आम्हाला वाटतं.

आक्षेप आणि आमचं म्हणणं

"जुनी खूण पाहिली की व्यापारी भाव पाडेल." पाडेल, त्या क्रेटचा. पण आज तो काय करतो? ट्रॉलर सात दिवसांचा आहे हे त्याला ठाऊक असतं. ढिगात काय मिसळलंय ते कळत नाही म्हणून तो सगळ्याच मालाचा भाव वाईटातला वाईट धरून लावतो. खूण असेल तर शेवटच्या दोन दिवसांच्या मालाला त्याला चढ्या बोलीने घ्यावं लागेल.

"मग जुन्या मालाचं काय?" तीन दिवस उरलेली मासळी ही वाईट मासळी नाही. ती आज इथे, गावात खाल्ली तर उत्तम आहे. तिला घाट चढवून बेळगावकडे पाठवू नये, एवढंच. लांबच्या गाडीत शेवटच्या दिवसांचा माल जावा, जवळच्या बाजारात पहिल्या दिवसांचा, आणि तो विकणाऱ्या बाईला योग्य दरात मिळावा. मऊ पडलेला माल फिशमीलवाल्याला जातो तो भाव आपण सगळे जाणतो. त्याआधीच त्याला योग्य जागी लावणं कमी तोट्याचं आहे.

"खलाशांना हे कोण शिकवणार?" आपले पुष्कळ खलाशी बाहेरच्या राज्यांतून येतात, भाषा वेगळी. म्हणून लिहायचं काहीच नको. सात दिवसांचे सात रंग, क्रेटला अडकवायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या. आजचा रंग कुठला ते तांडेलाने सकाळी सांगायचं. बस्स.

"लोक खोटे रंग लावतील." काही लावतील. म्हणून जेटीवर संस्थेच्या माणसाकडे टोचून बघायचा थर्मामीटर असावा. माशाच्या मांसात तो घातला आणि ७-८ अंश दाखवले, तर रंग कुठलाही असो, बर्फ कमी पडलाय हे उघड आहे. बर्फाची पावती आणि खेपेचे दिवसही जुळवून बघता येतात. आणि रोज तेच व्यापारी माल घेतात, दोन दिवसांनी काय निघालं ते त्यांना कळतंच. खोट्या रंगाचं नाव चार खेपांत बदनाम होईल.

"कॅनोवाल्यांना आणि रापणकारांना याचा काय उपयोग?" सर्वांत जास्त त्यांनाच. त्यांची मासळी त्याच दिवसाची असते, पण आज ती ट्रॉलरच्या मालाशेजारी त्याच भावात जाते. रंग आला की आजचा मासा आजचा म्हणून विकता येईल. फक्त 'जवळच तर जायचंय' म्हणून बर्फ न नेण्याची सवय सोडावी लागेल. एका तासाचं गणित वर दिलंय.

सभेपुढे आम्ही काय ठेवणार?

१. नवीन हंगामापासून सभासदांच्या बोटींवर दिवसाच्या रंगाच्या पट्ट्या, संस्थेच्या खर्चाने.

२. लिलावात रंगाप्रमाणे वेगळे ढीग आणि वेगळी बोली. पहिला महिना फक्त बांगडा, तारली आणि इसवण यांच्यासाठी.

३. जेटीवर टोचायचे दोन थर्मामीटर आणि एक नोंदवही. नोंदवही कुणाही सभासदाला बघता यावी.

४. क्रेट धुवायला नळाच्या स्वच्छ पाण्याची सोय आणि लाकडी पाट्या हळूहळू बाद.

५. बर्फ फोडायच्या मशीनची आणि बर्फ ठेवायच्या जागेची साफसफाई कारखानदाराशी बोलून ठरवणं. जमिनीवरून घासत नेलेली लादी मासळीवर पडू नये.

६. मासळी विकणाऱ्या बायकांच्या दोन प्रतिनिधी या कामाच्या समितीत. रंगाचा अर्थ त्यांना सर्वांत आधी समजावून सांगावा, कारण गिऱ्हाइकाला तोंड त्यांनाच द्यावं लागतं.

सगळं एका हंगामात होणार नाही, हे आम्ही जाणतो. पहिले तीन मुद्दे झाले तरी पुढचे आपोआप लोक मागू लागतील. खर्च फार मोठा नाही. पट्ट्या, थर्मामीटर, वही. मोठा खर्च आहे तो सवय बदलण्याचा.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहावं, खुलेपणाने. मोठ्या ट्रॉलरवर खणात क्रेट दिवसाप्रमाणे रचायला प्रत्यक्ष काय अडचण येते, हे तांडेलांनी सांगितलं तर आम्हाला ते हवंच आहे. बायकांनी आपले अनुभव सांगावेत, कुठल्या मोसमात कुठली मासळी परत येते, किती नुकसान होतं. हे सगळं एकत्र करून आम्ही जुलैच्या सभेत मांडू. मत द्यायला त्या दिवशी या, आणि घरातल्या मासळी विकणाऱ्या बाईलाही सोबत आणा.